शेजारच्या खाटेवरचा ताप

"अंगावर कधी पुरळ येतं का?" डॉक्टर इनामदारबाईंनी विचारलं.

शेजारच्या खाटेवर दाजी उशीला टेकून बसले होते. त्यांनी हनुवटी वर केली, खांद्यावरची शाल सारखी केली आणि सगळ्या वॉर्डला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "नाही, वैद्यराज. या देहावर आजवर शत्रूचा वार नाही आणि पुरळही नाही."

बाईंच्या मागे उभी असलेली शिकाऊ डॉक्टर मंडळी तोंड फिरवून हसली. बाई मात्र हसल्या नाहीत. हा प्रश्न त्यांनी दाजींना आधीही विचारला होता आणि उत्तरही असंच मिळालं होतं. त्यांनी दाजींच्या पाठीवर बोटांनी ठोकून पाहिलं, एका बाजूला जरा जास्तच वेळ, आणि त्या माझ्या खाटेकडे वळल्या.

ही कोल्हापुरातली, सत्याण्णव सालची गोष्ट. मी अभिनंदन मगदूम, इचलकरंजीचा, तेव्हा तेवीस वर्षांचा होतो आणि यंत्रमागांची दुरुस्ती शिकत होतो. दाजी म्हणजे आत्माराम सातार्डेकर, वय सदुसष्ट, परुळ्याच्या बाजूचे. दशावतारात राजाचं काम करण्यात त्यांचा जन्म गेला होता. दशावतारात संवाद लिहून दिलेले नसतात, उभ्या उभ्या सुचेल ते बोलायचं असतं, त्यामुळे दाजी कधी शब्दाला अडत नसत. डॉक्टर दिसले की त्यांच्यातला राजा जागा व्हायचा. घरची मालवणी सुशिक्षितांपुढे काढायची नाही, हा त्यांचा बाणा. आमच्याकडे बहिणीच्या नवऱ्याला दाजी म्हणतात, तेव्हा अख्खा वॉर्ड या म्हाताऱ्याला मेहुणा करून बसला होता याची मला मोठी गंमत वाटायची.

पण गंमत दिवसाउजेडी. दिवे लागायची वेळ झाली की दाजींना हुडहुडी भरायची, दात वाजायचे आणि ताप सरसर चढायचा. मग राजा कुठल्या कुठे जायचा आणि "माका थंडी वाजता गो, माका धर" असं विव्हळणं ऐकू यायचं. त्यांची बायको सत्यभामामावशी खाटेभोवतीचा हिरवा पडदा ओढून घ्यायची. बराच वेळ आतून पाण्यात फडकं पिळल्याचा आवाज येत राहायचा. रात्र व्हायच्या आत ताप उतरायचा आणि सकाळी दाजी पुन्हा सिंहासनावर.

हे मला नीट दिसायचं नाही, कारण नेमका त्याच वेळी मला ताप भरायचा. दोन खाटा शेजारी आणि दोघांच्या तापाची वेळ एक. ड्यूटीवरची नर्स म्हणायची, "तुमचं दोघांचं काय ठरलेलं असतं का?"

माझ्या आजाराचा पत्ता लवकर लागला. सुरुवात घशापासून झाली, थुंकी गिळताना काचा गिळल्यासारखं व्हायचं. मग मनगटं आणि गुडघे सुजले, रोज संध्याकाळी ताप आणि तापाबरोबर छातीवर, दंडांवर गुलाबी चट्टे. ताप उतरला की चट्टेही गायब. बाईंनी एकदा संध्याकाळी ते पाहिले, रक्ताच्या तपासण्या पुण्याला पाठवल्या आणि आजाराचं नाव सांगितलं, स्टिल्स डिसीज. अंगाला स्वतःचाच दाह होतो, जंतूबिंतू काही नसतो, फार थोड्यांना होतो. स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू झाल्या आणि माझा ताप कमी व्हायला लागला. आता सकाळी शिकाऊ डॉक्टरांना माझ्या खाटेभोवती उभं करून बाई माझं प्रदर्शन भरवायच्या. घसा, सांधे, ताप, पुरळ. तरुण माणसात हा आजार कसा अगदी पुस्तकात लिहिल्याप्रमाणे दिसतो, त्याचा मी नमुना.

मी जन्माचा चोंबडा. जे चालतं ते का चालतं आणि जे बंद पडतं ते का पडतं, हे कळल्याशिवाय मला चैन पडत नाही. त्या सकाळी बाई दाजींकडून माझ्याकडे वळल्यावर मी विचारलं, "मॅडम, हा म्हाताऱ्या माणसांना होत नाही?"

"होतो," त्या म्हणाल्या. "तरुणांपेक्षा कमी जणांना होतो आणि ओळखायला फार अवघड जातो. घसा दुखतोच असं नाही. पुरळ बऱ्याच जणांना येतच नाही. सांधे दुखले तर सगळे वयावर ढकलतात, पेशंट स्वतःसुद्धा. छातीत पाणी होतं, वजन उतरतं. मग आम्ही आधी टीबी शोधतो, मग कॅन्सर. आणि ते शोधायलाच हवं."

बोलता बोलता त्यांची नजर दाजींच्या खाटेकडे गेली. माझीही गेली.

शिकाऊ मंडळी पुढे गेल्यावर मी हळूच म्हणालो, "मॅडम, माझं औषध दाजींना देऊन बघता येणार नाही?"

त्या माझ्या खाटेच्या कडेला टेकल्या. अशा त्या सहसा टेकत नसत. म्हणाल्या, "माझ्या मनात येऊन गेलंय रे. पण सावंतवाडीला त्यांना टीबीची औषधं दिली, त्यानं लिव्हर बिघडलं आणि ताप हटला नाही. छातीतल्या पाण्यात काही सापडलं नाही, गाठ काढून तपासली, त्यातही नाही. पण सापडलं नाही म्हणजे नाहीच असं नसतं. आत कुठे टीबी दडलेला असेल आणि मी हे औषध दिलं, तर आगीत तेल ओतल्यासारखं होईल. माणूस आठवड्यात जाईल. मला धरायला काहीतरी पाहिजे."

"पुरळासारखं?"

"पुरळासारखं. विचारून विचारून थकले मी."

तेव्हा मला दाजींबद्दल पहिल्यांदा भीती वाटली. तोवर मी त्यांचे राजेशाही संवाद ऐकत मजेत पडलेलो होतो. त्या दिवशी नीट पाहिलं तर त्यांच्या शालीखाली माणूस उरलाच नव्हता, नुसती हाडं होती. जेवण आलं की मावशी भात कालवून चार घास भरवायची आणि उरलेलं स्वतः न खाता झाकून ठेवायची.

त्या संध्याकाळी मला ताप आलाच नाही. दिवे लागले, दाजींचे दात वाजायला लागले, मावशीनं पडदा ओढला. पहिल्यांदाच मी शुद्धीत राहून हे सगळं ऐकत होतो. पाण्यात फडकं बुडल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ वास आला. आंबट, गडद, ओळखीचा वास. दवाखान्यात हा वास कुठून आला, ते काही कळेना.

"मावशी, सोलकढी करालाय काय?" मी पडद्याकडे तोंड करून विचारलं.

आतून मावशी हसली. दिवसभरात ती तेवढीच हसली असेल. पडद्याच्या फटीतून तिनं वाडगं दाखवलं, आत लालभडक पाणी. "सोलां भिजत घातलंय रे. ह्यांका पित्त उठता ना."

सोलं म्हणजे अमसुलं. अंगावर पित्त उठलं की अमसुलाचं पाणी चोळायचं, हे आमच्या आईलाही माहीत होतं. पित्त म्हणजे अंगावर डाग, आणि बाई तर पुरळ शोधत होत्या, हे तेवढ्यात माझ्या लक्षात आलं.

"रोज उठतं?"

"रोज. ताप चढलो की उठता. सोलांचा पाणी लावलंय की जाता."

मी खाटेवरून उतरलो आणि पडद्याच्या आत डोकं घातलं. दाजी उघड्या अंगानं कुडकुडत होते. छातीवर, पोटावर, काखेखाली लाल डाग होते, पण कातडीचा लाल कुठला आणि अमसुलाचा कुठला, काही समजत नव्हतं. सगळं एकच झालं होतं.

"दाजी, खाज येते का?" मी विचारलं.

त्यांनी डोळे उघडले. तापात ते कधी नाटकी बोलत नसत. "खाज? नाय रे. खाज कसली?"

पित्त उठलेला माणूस खाजवून खाजवून अंगाची सालटं काढतो. माझ्या चट्ट्यांनाही कधी खाज आली नव्हती.

"मग डॉक्टरांना का सांगितलं नाही? रोज विचारतात त्या."

दाजींऐवजी मावशीच बोलली. तिच्या आवाजात खरोखरीचं नवल होतं. "त्या पुरळ विचारतत. ह्या पित्त. पुरळ पोराटोरांका येता, गोवर-कांजण्यांचा. पित्त काय रोग आसा, डाक्टरांका सांगूक?"

मी नर्सला गाठलं. बाई घरी गेल्या होत्या. हाताखालचा डॉक्टर येईपर्यंत मावशीनं दाजींना पुसून कोरडं केलं होतं आणि ताप उतरणीला लागला होता. त्यानं बॅटरीच्या उजेडात छाती पाहिली, बोट फिरवलं, बोटाला गुलाबी लागलं. "अमसुलं," तो म्हणाला आणि गेला. त्याची चूक नव्हती, बोटाला अमसुलंच लागली होती.

सकाळी बाई यायच्या आत दाजींचा मुलगा सुहास आला. तो बापाला घरी न्यायला आला होता. जीप खाली उभी होती, ड्रायव्हरला उजेडात घाट उतरायचा होता. एवढ्या तपासण्या झाल्या, काही निघत नाही, बापाची इच्छा घरीच डोळे मिटायची आहे, तर आता आणखी सुया कशाला, असं त्याचं म्हणणं. त्याच्याकडे बघून कोणालाही पटावं असं तो बोलत होता. दाजींनीही मान हलवली.

बाई आल्या तेव्हा मी आदल्या संध्याकाळचं सगळं एका दमात सांगून टाकलं. त्यांनी मध्ये एकदाही थांबवलं नाही. मग दाजींचा शर्ट वर करून पाहिला. सकाळच्या उजेडात कातडी स्वच्छ, फिकट, सुरकुतलेली. एकही डाग नाही.

"हे संध्याकाळीच दिसणार," त्या सुहासला म्हणाल्या. "आज संध्याकाळपर्यंत थांबा. मी स्वतः इथे बसते."

"आणि आज नाही दिसलं तर?"

"तर मी तुम्हाला अडवणार नाही."

सुहास माझ्याकडे वळला. रागानं नव्हे, फार थकलेला होता. "तुका काय कळता रे ह्यातला?"

मला त्यातलं खरंच काही कळत नव्हतं. मी दाजींच्या खाटेशी जाऊन बसलो आणि त्यांना म्हणालो, "दाजी, माझा जो आजार आहे तोच तुम्हाला असावा असं मला वाटतंय."

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग खोल गेलेल्या त्या डोळ्यांत काहीतरी चमकलं. भीती नव्हती ती, निव्वळ कुतूहल होतं. "तुझो रोग? माका?" राजा विसरून ते भर सकाळी मालवणीत बोलले. "मी सदुसष्ट वर्षांचो रे."

"तेच तर बघायचं आहे."

"तो माका कसो होतलो?"

"कसा ते माहीत नाही. पण माझा ओळखला आणि तुमचा नाही. मला जाणून घ्यायचंय का ते."

निर्णय मावशीनं केला. ती इतका वेळ गठुळं बांधत होती. तिनं बांधलेलं गठुळं सोडलं आणि मुलाला म्हणाली, "एक सांज रवया."

एक अट मात्र तिला कोणी सांगितली नव्हती, ती बाईंनी सांगितली. आज सोलं नाहीत. मावशीचा चेहरा उतरला. थंडीनं कापणाऱ्या माणसाला नुसतं बघत बसायचं? बाई म्हणाल्या, हो, आजच्या दिवस. मावशीनं वाडगं उचलून खाटेखाली सरकवलं आणि पदराला हात पुसत राहिली.

संध्याकाळ झाली. बाई स्टुलावर येऊन बसल्या. दिवे लागले आणि दाजींना काही होईना. अंग गार, डोळे शांत. आजवर एकदाही न चुकलेला ताप नेमका आज चुकत होता. सुहास खिडकीतून खाली जीपकडे बघत होता. मी मनातल्या मनात ताप यावा म्हणून नवस बोलत होतो. दुसऱ्याला ताप यावा म्हणून देवाला साकडं घालणारा त्या दवाखान्यात मी एकटाच असेन.

दाजींना त्याही स्थितीत मौज वाटली. "वैद्यराज," ते म्हणाले, "नट पडद्यामागे तयार असेल, पण वाजंत्री थांबल्याखेरीज तो प्रवेश करीत नसतो. धीर धरा." बाई या वेळी हसल्या.

आणि बोलता बोलता त्यांचा ओठ थरथरला. "राजा कधी..." असं त्यांनी सुरू केलं आणि पुढचा शब्द दातांत वाजला. "माका... माका थंडी..."

मावशी उठली, पुन्हा बसली. आपले दोन्ही हात तिनं मांडीखाली दाबून ठेवले.

बाईंनी त्यांचा सदरा काढला, बरगड्यांवर दिव्याचा झोत आणला. आधी काहीच नव्हतं. मग ताप जसा चढला तसे छातीवर फिकट गुलाबी ठिपके उमटायला लागले. मोठे होत गेले, एकमेकांत मिसळले, काखेखाली गेले, पोटावर उतरले. कातडी कोरडी, त्यामुळे रंग अगदी नितळ दिसत होता. मी माझ्या छातीवर महिनाभर पाहिलेला तोच रंग. बाईंनी नखानं पोटावर हलकीशी रेघ ओढली आणि त्या रेघेवरही लालसर पट्टा उठला. त्यांनी कॅमेरा मागवला, फोटो काढले, मांड्या पाहिल्या, पाठ पाहिली. त्यांच्या हालचाली इतक्या भरभर चालल्या होत्या की मला वाटलं, आता या धावायला लागतील.

शेवटी त्या थांबल्या. "मावशी, हे कधीपासून आहे?"

"पयल्या दिवसापासून," मावशी म्हणाली.

बाईंनी डोळे मिटून घेतले. मग दाजींच्या कानाशी वाकून म्हणाल्या, "दाजी, ह्यालाच मी पुरळ म्हणते."

"ह्येका?" थंडीतही दाजींनी मान उचलून स्वतःच्या छातीकडे पाहिलं. "ह्या पित्त मा?"

"नाही. हे पुरळ. तुमच्या वयाला फार थोड्यांना येतं. तुम्हाला आलं म्हणून मला आता पुढे जाता येईल."

उद्या आणखी रक्त पुण्याला जाईल, छातीचं पाणी पुन्हा एकदा तपासू, आणि सगळं जुळलं की औषध सुरू, हे त्यांनी सुहासला समजावून सांगितलं. या वयात आजार जास्त दांडगाई करतो, त्यामुळे वचन कसलंच देत नाही, असंही म्हणाल्या. सुहासनं खाली जाऊन जीप परत पाठवली. वर आला तेव्हा त्याचे डोळे लाल झाले होते.

हळूहळू ताप उतरायला लागला. मावशी छातीवरच्या डागांकडे एकटक बघत होती. ते फिके होत चालले होते. कोणी काही लावलेलं नव्हतं, हात लावलेला नव्हता, आणि ते आपणहून पुसत चालले होते. पोटावरचे गेले. मग छातीवरचे. शेवटी काखेखालचा एक उरला होता, तोही मावळला.

"डाक्टरीणबाय," मावशी अगदी हळू म्हणाली, "ह्या सोलांनी जायत नव्हता?"

बाईंना खोटं बोलता आलं असतं. "नाही मावशी. ताप उतरला की ते आपोआप जातं."

मावशीनं मान डोलावली. तिला रडू फुटलं नाही, पण तिचा चेहरा असा रिकामा झाला की मला तिकडे बघवेना. "माका वाटायचा," ती म्हणाली, "माज्या हातान जाता. इतक्या डाक्टरांच्यान काय झाला नाय, पण ह्या एक माज्या हातान जाता. तेवढाच माज्याच्यान होय म्हणान रोज करी."

सगळी हुशारी मीच मिरवली होती. आम्ही आजार शोधून काढला होता आणि तिच्याकडे होतं तेवढं एकच काढून घेतलं होतं.

दाजी थकून पडले होते. त्यांनी डोळे न उघडताच हात चाचपत पुढे केला आणि मावशीचा हात मांडीखालून ओढून काढला.

"डाग आपसूक जायत आसतीत," ते म्हणाले. "त्येची माका खबर नाय, माका ते आजच दिसले. तू हात फिरवलंस की थंडी सोसाक येय. आज तू हात लावलंस नाय, आणि आज माका लय सोसूचा पडला."

त्यांनी तिचा हात उचलून आपल्या कोरड्या, स्वच्छ छातीवर ठेवला. बाई उठल्या आणि आम्हाला खूण करून त्यांनी पडदा ओढून घेतला.